चार्जरांचे प्रमाणीकरण

निरनिराळ्या कारखानदारांनी बनविलेले मोबाइल फोन, टॅब्लेट, कॅमेरे, लॅपटॉप संगणक इ. उपकरणे एकाच जातीच्या चार्जरने व केबलने विद्युत् भारित करता यावीत, यासाठी जोडणीचा आकार, विद्युत् दाब, प्रवाह आणि उपकरण व चार्जर यांच्यातील संकेत निश्चित करून देण्याच्या क्रियेस चार्जरांचे प्रमाणीकरण म्हणतात. असे प्रमाणीकरण तीन मार्गांनी घडून येऊ शकते : एखाद्या प्रबळ कंपनीची रचना इतरांनी उचलल्यामुळे, उद्योगातील कंपन्यांनी आपापसांत करार केल्यामुळे किंवा शासनाने कायद्याने बंधन घातल्यामुळे. मोबाइल फोनच्या चार्जरांच्या बाबतीत इ. स. २००० नंतरच्या सु. पंचवीस वर्षांत करार व कायदा हे दोन्ही मार्ग अनुसरले गेले आणि विशेषतः यूरोपात ते एकामागून एक कसोटीस लागले. त्यामुळे शासकीय नियमनाने तंत्रविद्येतील कंपन्या समान मानक स्वीकारतात किंवा कसे, या प्रश्नाच्या अभ्यासात हे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते.

तांत्रिक स्वरूप : व्यवहारात ज्याला चार्जर म्हणतात तो वस्तुतः घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहाचे (भारतात २३० व्होल्ट) कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा संच असतो. बॅटरीत प्रवाह सोडणे, तो कमीजास्त करणे व बॅटरी पूर्ण भारित झाल्यावर तो तोडणे ही कामे फोनच्या आतील मंडल करते. लिथियम-आयन घटाचा सर्वसाधारण दाब सु. ३.७ व्होल्ट असतो व संगणकाच्या यूएसबी जोडणीतून ५ व्होल्ट दाब मिळतो. त्यामुळे बाहेरून ५ व्होल्ट पुरवून उरलेले नियंत्रण फोनवर सोपविणे शक्य झाले. समान चार्जरची कल्पना व्यवहार्य ठरण्याचे हे मूळ कारण होय.

प्रमाणीकरणाचे तीन स्तर पडतात : (१) जोडणीचा भौतिक आकार, (२) दाब व प्रवाह यांची मूल्ये आणि (३) किती शक्ती द्यावयाची व घ्यावयाची हे ठरविणारी संकेतप्रणाली. शिवाय केबलला दोन टोके असतात. चार्जरकडील टोक सर्वत्र सारखे करणे तुलनेने सोपे असते. फोनकडील टोक बदलावयाचे झाल्यास मात्र फोनची अंतर्रचना, जाडी व त्याला जोडावयाची उपसाधने या सर्वांवर परिणाम होतो. प्रमाणीकरणाविषयीचे बहुतेक वाद या दुसऱ्या टोकाविषयीचे आहेत.

आर्थिक पार्श्वभूमी : समान मानकाचा लाभ सर्व ग्राहकांना थोडाथोडा मिळतो, उलट वेगळ्या जोडणीचा लाभ ती बनविणाऱ्या एकट्या कंपनीला मोठ्या प्रमाणात मिळतो. ज्या ग्राहकाने विशिष्ट जोडणीचे चार्जर, केबली, ध्वनिक्षेपक व मोटारीत बसविण्याची साधने घेतलेली असतात, त्याला दुसऱ्या कंपनीच्या फोनकडे वळताना ती सर्व टाकून द्यावी लागतात. हा बदलाचा खर्च जितका अधिक तितका ग्राहक त्या कंपनीशी बांधलेला राहतो. जोडणीवर कंपनीचे हक्क असल्यास उपसाधने बनविणाऱ्यांकडून परवान्याचे शुल्कही घेता येते. अ‍ॅपल या अमेरिकन कंपनीच्या लाइटनिंग जोडणीची उपसाधने बनविण्यासाठी असा परवाना घ्यावा लागत असे. तेव्हा ज्या कंपन्यांचा बाजारपेठेतील वाटा लहान आहे त्या समान मानकाकडे आपणहून वळतात आणि जिचा ग्राहकवर्ग मोठा व बांधलेला आहे ती कंपनी शेवटपर्यंत अलग राहते, असे सामान्यतः दिसून येते.

या प्रश्नाचे जुने उदाहरण लोहमार्गांच्या रुंदीचे आहे. ब्रिटनमध्ये ४ फुट ८.५ इंच रुंदीचे मार्ग आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ७ फुटांहून किंचित अधिक रुंदीचे मार्ग यांची स्पर्धा १८४६ च्या कायद्याने मिटविण्यात आली. कायद्याने नवी रुंदी शोधून काढली नाही. जी आधीच अधिक प्रसार पावली होती तीच ग्रेट ब्रिटनमधील नव्या प्रवासी मार्गांसाठी नेमस्त केली. तरीही ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे शेवटचे रुंद मार्ग १८९२ मध्ये बदलले गेले. प्रचलित रचनांतून एक निवडणे हे कायद्याचे कार्य चार्जरांच्या बाबतीतही आढळते.

आरंभीचे प्रयत्न : २००० च्या सुमारास जवळजवळ प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी होती, किंबहुना एकाच कंपनीच्या दोन फोनांचे चार्जरही परस्परांना चालत नसत. नोकियाच्या ३.५ मिमी. व्यासाच्या जाड पिनेची जागा २ मिमी. व्यासाच्या बारीक पिनेने घेतली, तेव्हा भारतातील असंख्य घरांनाही याचा अनुभव आला. दक्षिण कोरियात २००१ मध्ये २४ पिनांच्या समान जोडणीचे मानक तयार झाले. चीनच्या माहिती उद्योग मंत्रालयाने डिसेंबर २००६ मध्ये चार्जरकडील टोक यूएसबी असावे व केबल सुटी असावी असे मानक प्रसिद्ध केले. फोनकडील टोकास मात्र मोकळीक ठेवली. समोर संगणक नसून चार्जर आहे हे फोनला ओळखता यावे म्हणून चार्जरमधील माहितीवाहक तारांची दोन टोके एकमेकांस जोडून ठेवण्याची साधी युक्ती या मानकात होती. यूएसबीच्या पुढील मानकांतही ती आढळते. फेब्रुवारी २००९ मध्ये मोबाइल उद्योगाच्या जागतिक संघटनेने मायक्रो-यूएसबी ही समान जोडणी म्हणून जाहीर केली व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचारण संघाने समान चार्जरच्या योजनेस मान्यता दिली.

यूरोपातील ऐच्छिक समझोता : २००९ च्या सुमारास यूरोपीय संघात सु. ३० प्रकारचे चार्जर वापरात होते. उद्योगाने स्वतः तोडगा न काढल्यास कायदा करण्यात येईल, असे यूरोपीय आयोगाचे तत्कालीन उद्योग-आयुक्त ग्यूंटर फेरहॉइगेन यांनी सूचित केले. त्यानंतर जून २००९ मध्ये अ‍ॅपल, नोकिया, सॅमसंग, एलजी, मोटोरोला, सोनी एरिक्सन इ. १० कंपन्यांनी समझोत्यावर स्वाक्षऱ्या केल्या. पुढे ही संख्या १४ झाली. मायक्रो-यूएसबीवर आधारलेले यूरोपीय मानक डिसेंबर २०१० मध्ये व तत्सम आंतरराष्ट्रीय मानक जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

समझोत्याचे यश लक्षणीय होते : जोडण्यांचे प्रकार सु. ३० वरून ३ वर आले. तथापि फोनमध्ये मायक्रो-यूएसबी जोडणी नसल्यास मधला जोडतुकडा उपलब्ध करून देणे पुरेसे मानण्याची सवलत समझोत्यात होती. तिचा लाभ घेऊन अ‍ॅपलने प्रथम आपली ३० पिनांची जोडणी (२००३ पासून) व नंतर सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत आणलेली लाइटनिंग जोडणी चालू ठेवली. म्हणजे ज्यांना समान मानक सोयीचे होते त्यांनी ते स्वीकारले व ज्या एका कंपनीला ते गैरसोयीचे होते तिच्यापुरती पळवाट शिल्लक राहिली. समझोत्याची मुदत दोनदा वाढविण्यात आली व २०१४ मध्ये तो संपला.

टाइप-सी जोडणीचा उदय : ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी टाइप-सी या २४ संपर्कबिंदूंच्या जोडणीचे तपशील प्रसिद्ध झाले. ही जोडणी कोणत्याही बाजूने घालता येते. तीतील एक विशिष्ट संपर्क जोडणीची दिशा व चार्जरची क्षमता फोनला कळवितो. एवढ्यानेच ५ व्होल्ट दाबास ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे १५ वॉट शक्ती घेता येते. त्याहून अधिक शक्तीसाठी ‘पॉवर डिलिव्हरी’ ही संकेतप्रणाली असून तीत उपकरण व चार्जर परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करून ९, १५ किंवा २० व्होल्ट असा दाब ठरवितात. २० व्होल्ट व ५ अँपिअर या मूल्यांस १०० वॉट शक्ती मिळते. २०२१ मधील सुधारणेने ही मर्यादा ४८ व्होल्ट व २४० वॉट इतकी वाढली. फोन व लॅपटॉप या दोहोंना एकच चार्जर पुरेल अशी ही पहिली व्यापक रचना होय. ती कोणत्याही शासनाने नव्हे, तर उद्योगाच्या संघटनेने तयार केली. अ‍ॅपलनेही आपल्या मॅकबुक लॅपटॉपमध्ये २०१५ पासून व आयपॅड प्रो या टॅब्लेटमध्ये २०१८ पासून ती वापरली; आयफोन मात्र लाइटनिंगवरच राहिला. २०१८ मध्ये यूरोपीय संघात फोनसोबत विकल्या गेलेल्या चार्जरांपैकी निम्मे मायक्रो-यूएसबी, २९% टाइप-सी व २१% लाइटनिंग जोडणीचे होते.

कायद्याकडे वाटचाल : एप्रिल २०१४ मध्ये संमत झालेल्या रेडिओ उपकरणविषयक निदेशात उपकरणे समान चार्जरांशी सुसंगत असावीत अशी तरतूद होती, पण ती अंमलात आणण्यासाठी आयोगाने पुढील कृती करणे आवश्यक होते. मार्च २०१८ मध्ये कंपन्यांनी पुन्हा एक ऐच्छिक समझोता पुढे केला; त्यातही स्वतःच्या जोडणीस वाव असल्याने आयोगास तो अपुरा वाटला. ३० जानेवारी २०२० रोजी यूरोपीय संसदेने बंधनकारक नियमांची मागणी करणारा ठराव ५८२ विरुद्ध ४० मतांनी संमत केला. आयोगाने २३ सप्टेंबर २०२१ रोजी विधेयक मांडले व ४ ऑक्टोबर २०२२ रोजी संसदेने ते ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केले. सदस्य राष्ट्रांच्या परिषदेच्या मान्यतेनंतर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यावर स्वाक्षऱ्या होऊन ते निदेश क्र. २०२२/२३८० म्हणून प्रसिद्ध झाले.

निदेशातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत : (१) मोबाइल फोन, टॅब्लेट, डिजिटल कॅमेरे, हेडफोन, हातातील व्हिडिओ खेळयंत्रे, सुटे ध्वनिक्षेपक, ई-वाचक, कीबोर्ड, माउस, मार्गदर्शक साधने व कानातील ध्वनिसाधने केबलने भारित होणारी असल्यास त्यांना २८ डिसेंबर २०२४ पासून व लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी जोडणी आवश्यक. (२) ५ व्होल्ट, ३ अँपिअर किंवा १५ वॉट यांहून अधिक मूल्यांस भारित होणाऱ्या उपकरणांत पॉवर डिलिव्हरी प्रणाली आवश्यक. कंपनीची स्वतःची जलद प्रणाली तिच्या जोडीला चालेल, तिच्याऐवजी नव्हे. (३) चार्जरसह विकल्या जाणाऱ्या उपकरणाची चार्जरविना खरेदी करण्याचाही पर्याय ग्राहकास द्यावा. (४) चार्जर सोबत आहे किंवा नाही व किती शक्ती लागते हे वेष्टनावर चिन्हाने दाखवावे. जोडतुकड्याची जुनी सवलत निदेशात ठेवलेली नाही; जोडणी उपकरणातच असली पाहिजे.

परिणाम व कार्यकारणभाव : ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कायद्याचे पालन करावेच लागेल असे जाहीरपणे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सी जोडणीसह बाजारात आला व ही जोडणी केवळ यूरोपात नव्हे, तर सर्व देशांत देण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीचे कीबोर्ड व माउसही बदलले. डिसेंबर २०२४ मध्ये लाइटनिंग असलेले आयफोन १४ व आयफोन एसई यांची विक्री कंपनीने यूरोपीय संघातील आपल्या ऑनलाइन दुकानांतून थांबविली.

हा बदल कायद्यामुळेच झाला काय, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार टाइप-सीचा प्रसार कायद्याच्या आधीच होऊ लागला होता. इतर कंपन्यांचे बहुतेक नवे फोन व अ‍ॅपलचीही अनेक साधने तिकडे वळली होती, तेव्हा आयफोनही कालांतराने वळलाच असता. या मतात तथ्य आहे. परंतु ते प्रसाराच्या मुख्य प्रवाहास लागू पडते, शेवटच्या अपवादास नव्हे. आयफोन १५ च्या साध्या प्रतिमानात टाइप-सी जोडणी असूनही माहितीवहनाचा वेग लाइटनिंगइतकाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत ठेवला होता. १० गिगाबिटांपर्यंतचा वेग महागड्या ‘प्रो’ प्रतिमानांतच दिला होता. म्हणजे जेथे वेगाचा लाभ नव्हता तेथेही जोडणी बदलली. निदेश संमत झाल्यानंतर व त्याची मुदत संपण्यापूर्वी हे बदल क्रमाने व्हावेत, हा काळाचा क्रमही याच दिशेने बोट दाखवितो. त्याचप्रमाणे २००९ च्या ‘ऐच्छिक’ समझोत्यामागेही कायद्याची जाहीर सूचना होती, हे विसरता येत नाही.

एका मोठ्या बाजारपेठेचा नियम जगभर लागू पडण्याच्या या प्रकारास विधिज्ञ अनू ब्रॅडफर्ड यांनी २०१२ मध्ये ‘ब्रुसेल्स परिणाम’ अशी संज्ञा दिली. यूरोपासाठी एक व इतरांसाठी दुसरी अशा दोन रचनांचे उत्पादन महाग पडत असल्याने कठोर नियमाची रचनाच कंपनी सर्वत्र स्वीकारते.

विद्युत् मोटारींच्या जोडणीचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. यूरोपीय संघाने २०१४ च्या निदेशाने सार्वजनिक भारणस्थानांसाठी ‘टाइप २’ व ‘कॉम्बो २’ या जोडण्या नेमस्त केल्या. २०१९ च्या आरंभी यूरोपात आलेली टेस्ला कंपनीची मॉडेल ३ मोटार तिची स्वतःची जोडणी सोडून कॉम्बो २ घेऊन आली. उत्तर अमेरिकेत मोटारींना अशी सक्ती नव्हती. तेथे टेस्लाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली जोडणी सर्वांस खुली केली, मे व जून २०२३ मध्ये फोर्ड व जनरल मोटर्स यांनी ती स्वीकारण्याचे ठरविले आणि पुढे अभियंत्यांच्या संघटनेने तिचे मानक बनविले. तेव्हा कायद्यावाचूनही समान मानक निर्माण होऊ शकते. मात्र ते बहुधा सर्वांत प्रबळ कंपनीचे असते आणि तिने ते खुले करावयाचे ठरविले तरच. कायद्याने फरक पडतो तो एकीकरण होते की नाही यापेक्षा ते कोणाच्या रचनेभोवती व केव्हा होते यात.

आक्षेप व मर्यादा : सक्तीमुळे नवनिर्मिती खुंटते, हा मुख्य आक्षेप होय. जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅपलने तो मांडताना लाइटनिंग असलेली १०० कोटींहून अधिक उपकरणे विकली गेल्याचे व त्यांची उपसाधने निरुपयोगी ठरण्याचे कारणही दिले होते. आक्षेप निराधार नाही. २००९ मध्ये मायक्रो-यूएसबीची कायमची सक्ती झाली असती, तर पाच वर्षांनी आलेल्या टाइप-सीचा मार्ग अडला असता. यावर उपाय म्हणून तांत्रिक प्रगतीनुसार मानकांत बदल करण्याचा अधिकार निदेशाने आयोगास दिला आहे व २०२३ मध्ये आयोगाने मानकांच्या सुधारित आवृत्त्या स्वीकारून तो वापरलाही. तथापि स्पर्धेतून वरचढ ठरण्याची वाट कोणत्याही नव्या जोडणीस आता पूर्वीसारखी मोकळी नाही.

दुसरी मर्यादा पर्यावरणविषयक लाभाची. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरांमुळे यूरोपीय संघात दरवर्षी सु. ११,००० टन इलेक्ट्रॉनिक कचरा होतो, असा आयोगाचा अंदाज होता. निदेशामुळे त्यात सु. ९८० टनांची घट व ग्राहकांची वर्षाकाठी सु. २५ कोटी यूरोंची बचत अपेक्षित होती. नुसत्या समान जोडणीने कचरा घटत नाही. प्रत्येक फोनसोबत नवा चार्जर मिळत राहिला, तर घरातील चार्जरांची संख्या पूर्वीइतकीच राहते. म्हणून चार्जरविना खरेदीची तरतूद जोडणीच्या तरतुदीइतकीच महत्त्वाची आहे. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२० पासून व सॅमसंगने जानेवारी २०२१ पासून आपल्या काही फोनांसोबत चार्जर देणे बंद केले होते. त्याबद्दल किंमत कमी न केल्याची टीकाही झाली. यांखेरीज सर्व टाइप-सी केबली बाहेरून सारख्या दिसत असल्या, तरी त्यांची शक्तिवहनाची व माहितीवहनाची क्षमता भिन्न असते. ३ अँपिअरहून अधिक प्रवाहासाठी केबलमध्ये ओळख देणारी चिप असावी लागते. बिनतारी भारणास निदेशातील जोडणीची अट लागू नाही.

भारत व इतर देश : भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उद्योगाच्या प्रतिनिधींची बैठक घेतली व नोव्हेंबर २०२२ मध्ये आंतरमंत्रालयीन कृतिदलाची बैठक झाली. फोन, टॅब्लेट व लॅपटॉप यांसाठी टाइप-सी आणि साध्या, स्वस्त फोनांसाठी वेगळा समान चार्जर अशी दुहेरी दिशा या विचारविनिमयातून पुढे आली. साध्या फोनांचा मोठा वर्ग ही भारतीय परिस्थितीची विशेष बाब असून त्यांची किंमत कमी असल्याने जोडणीच्या बदलाचा भार तेथे अधिक जाणवतो. भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय मानक म्हणून स्वीकारून प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. मानक प्रसिद्ध होणे व त्याचे पालन सक्तीचे होणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ अन्वये सक्तीसाठी केंद्र शासनाने स्वतंत्र आदेश काढावा लागतो. असे असले तरी भारतीय ग्राहकास टाइप-सी असलेला आयफोन यूरोपीय ग्राहकाबरोबरच मिळाला.

सौदी अरेबियाने १ जानेवारी २०२५ पासून फोन इ. उपकरणांना टाइप-सीची अट घातली. ब्रिटनपैकी उत्तर आयर्लंडमध्ये यूरोपीय निदेश लागू आहे. चीनमध्ये जलद भारणाच्या परस्परविसंगत प्रणाली ही मुख्य अडचण असल्याने २०२१ मध्ये तेथील प्रमुख फोन कंपन्यांच्या सहभागाने जलद भारणाचे एक समाईक मानक तयार करण्यात आले. जोडणीचा आकार एक झाल्यावर प्रमाणीकरणाचा प्रश्न संकेतप्रणालीच्या स्तरावर सरकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.